ऐकणारा आणि चार्जशीट देणारा माणूस एकच नसावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने, सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांत होणाऱ्या व्याख्यानांची आणि ध्यानवर्गांची छायाचित्रे आपल्या दैनिकात पाहतो आणि मला मनापासून बरे वाटते. मी नोकरीला लागलो तेव्हा शॉपमध्ये एखादा कामगार गप्प गप्प राहू लागला की 'याला ठाण्याला न्या रे' असे म्हणून सगळे हसत असत. नाशिकला मनोरुग्णालय नाही. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणीच राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि आपल्याकडच्या बोलण्यात 'ठाणे' या गावाच्या नावाचा अर्थच तेवढा उरला होता. तिथपासून आजच्या व्याख्यानांपर्यंत आपण आलो, ही वाटचाल लहान नाही. तरीही सातपूरच्या एका कारखान्यात २९ वर्षे आधी कार्मिक विभागात आणि नंतर कामगार कल्याण अधिकारी म्हणून काम केलेल्या माणसाला या विषयात एक गोष्ट तातडीने सांगावीशी वाटते आणि ती सांगण्यासाठी मला माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

साधारण वीस वर्षांपूर्वी आमच्या मशीन शॉपमधल्या एका ग्राइंडिंग ऑपरेटरचे खाडे अचानक वाढले. बारा वर्षे स्वच्छ हजेरी असलेला, ओटीला, म्हणजे ओव्हरटाइमला, कधी नाही न म्हणणारा हा माणूस तीन महिन्यांत १९ दिवस गैरहजर राहिला आणि त्यातले बहुतेक खाडे थर्ड शिफ्टच्या आठवड्यातले होते. सुपरवायझरने शेरा मारला, 'कामचुकारपणा करतो.' स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांनुसार, सवयीची गैरहजेरी हे गैरवर्तन ठरते. त्याप्रमाणे मी आधी दोन मेमो दिले, मग चार्जशीट दिली आणि चौकशीची तारीख लावली. नियमाने पाहिले तर माझे कुठेही चुकले नव्हते.

चौकशीच्या आधी, महिन्याच्या आठ तारखेला, त्याची पत्नी पगाराची स्लिप घेऊन गेटवर आली. तिची तक्रार अशी, की नवरा रोज कामावर येत असताना कंपनी त्याचा पगार कापते. मी हजेरीपत्रक तिच्यापुढे ठेवले. ते बराच वेळ पाहून ती म्हणाली, "साहेब, ते रोज घरातून वेळेवर निघतात. मी डबा भरून देते. डबा रिकामा होऊन परत येतो."

पुढे त्याच्याकडूनच कळले ते असे. सिडकोतल्या घरून तो गणवेश घालून निघायचा, पपया नर्सरीच्या स्टॉपवर उतरायचा, गेटच्या दिशेने चालू लागायचा आणि मशिनांचा आवाज कानावर आला की त्याच्या हाताला घाम फुटून छाती आवळल्यासारखी व्हायची. आपल्याला काहीतरी होऊन आपण इथेच पडणार, असे वाटून तो मागे फिरायचा. रात्रपाळीला तो ठक्कर बाजारच्या बसस्थानकावर गावी जाणाऱ्या प्रवाशांमध्ये बसून रात्र काढायचा, तिथेच डबा खायचा आणि सकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी जायचा. हे सगळे त्याने तीन महिने एकट्याने सोसले होते. मी त्याला विचारले, की अरे, मला येऊन सांगायचे नाहीस का? त्यावर तो म्हणाला, "साहेब, मेमोवर सही तुमची. मग तुम्हाला कसं सांगणार?"

चार्जशीट मागे घेतली. कामगार विमा योजनेच्या दवाखान्यातून त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. नैराश्य आणि त्याच्या जोडीला तीव्र भीतीचे झटके, असे निदान झाले. औषधोपचार सुरू झाले, चार महिन्यांनी तो परत आला, वर्षभर त्याला दिवसपाळीत ठेवले आणि पुढे अकरा वर्षे काम करून तो सन्मानाने निवृत्त झाला. त्याच्या चौकशीच्या फाइलमध्ये तोवर चौदा कागद जमले होते. 'तुम्हाला काय होते आहे?' एवढा प्रश्न त्यांतल्या एकाही कागदावर नव्हता. ती फाइल मी निवृत्त होईपर्यंत माझ्या कपाटात ठेवली होती.

त्या कामगाराचे वाक्य हेच माझ्या या पत्राचे कारण आहे. कारखान्यात मनाचे दुखणे ऐकून घेणारा माणूस आणि शिस्तभंगाची कारवाई करणारा माणूस एकच असेल, तर कितीही व्याख्याने झाली, कितीही फलक लागले, तरी कोणीही तोंड उघडणार नाही. हा शोध माझा नाही. आपल्या कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये भरती, बढती आणि बडतर्फी पूर्वी जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, हातात असे. त्यातून होणारी लाचलुचपत आणि छळ पाहून शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात स्वतंत्र कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी जी संस्था सुरू झाली आणि जी पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली, तिथून या कामासाठी शिकलेली माणसे बाहेर पडू लागली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम ४९ आले आणि ज्या कारखान्यात ५०० किंवा अधिक कामगार आहेत तिथे कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत ही संख्या २५० वर आणली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कलम ४९ खालच्या नमुना नियमांत स्पष्ट म्हटले होते, की कल्याण अधिकाऱ्याने कामगारांविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळू नयेत आणि कामगारांच्या विरोधात व्यवस्थापनाच्या वतीने समेट अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायालयात उभे राहू नये. नियम करणाऱ्यांना गेटवरचा माणूस कळला होता, असेच मी म्हणेन.

प्रत्यक्षात मात्र काय झाले, ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कल्याण अधिकारी हे पद कागदावर राहिले आणि त्या खुर्चीवरच्या माणसाकडे कार्मिक विभागाची सगळी कामे आली. कँटीनचा ठेका, गणवेशाचे माप, बसचा मार्ग, दिवाळीची मिठाई, गेटपास, ठेकेदारांची बिले आणि त्यातच मेमो व चौकशा. मी स्वतः हे वर्षानुवर्षे केले. यात कोणा एका व्यवस्थापकाचा दुष्टपणा नसतो. एका पगारात दोन कामे होत असतील तर दोन माणसे का ठेवायची, एवढा साधा हिशेब असतो. त्या हिशेबात जो खर्च धरलेला नसतो तो खाडे, अपघात, नासलेला माल आणि सोडून गेलेली कुशल माणसे या रूपाने नंतर वसूल होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंता या दोनच विकारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. आमच्या त्या ऑपरेटरचे १९ खाडे याच बेरजेतले.

आपल्या देशापुरते बोलायचे तर बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि वेगवेगळ्या विकारांत उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता हे खरे, पण माणसाचे मन राज्याच्या सीमेवर बदलत नाही. तोच हिशेब ढोबळमानाने लावला तर ५०० कामगारांच्या कारखान्यात पन्नासेक माणसे आज, या शिफ्टला, असे काही सोसत मशीनवर उभी आहेत. त्यांतल्या किती जणांची नावे व्यवस्थापनाला ठाऊक आहेत, हे प्रत्येक कारखान्याने स्वतःला विचारून पाहावे.

आता मन बिघडते कशाने, याविषयी. घरची आजारपणे, कर्ज, दारू, मुलांची शिक्षणे ही कारणे असतातच आणि व्यवस्थापन सहसा त्यांच्याकडेच बोट दाखवते. परंतु कामाची रचना हेही तेवढेच मोठे कारण आहे. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा सर मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून अनेक वर्षे जो अभ्यास केला त्यात असे दिसले, की आपल्या कामावर, म्हणजे ते कसे आणि कोणत्या क्रमाने करायचे यावर, ज्यांचा काहीच ताबा नसतो अशा खालच्या श्रेणीतल्या लोकांना हृदयविकाराचा धोका वरच्या साहेबांपेक्षा जास्त असतो. जबाबदारीचे ओझे वरच्या माणसाला मारते ही आपली समजूत त्यामुळे तपासून घ्यावी लागते. मला स्वतःला हे वाचण्याच्या कितीतरी आधी शॉपमध्ये दिसले होते. ज्या सेक्शनमध्ये टार्गेट वरून येई पण मशीन बंद पडल्यावर मेंटेनन्सला बोलावण्याचा अधिकारही ऑपरेटरला नसे, त्या सेक्शनमधून भांडणे, रजा आणि जखमा जास्त येत.

रात्रपाळीचे उदाहरण घ्या. रात्रपाळी बंद करा असे मी म्हणत नाही. भट्टी, पेंट शॉप, रुग्णालय या गोष्टी रात्री थांबवता येत नाहीत. पण पाळ्यांचा क्रम कसा लावायचा हे तर आपल्या हातात आहे. सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोपा जातो, हे झोपेचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे आणि तो लावायला एक रुपया खर्च येत नाही. शिवाय रात्रपाळी करून आलेला माणूस झोपतो कुठे, याचाही विचार हवा. सिडकोतल्या किंवा अंबड-लिंक रोडच्या बाजूच्या दोन खोल्यांत दिवसा मुलांचा अभ्यास, मिक्सर, शेजारच्या मंडपाचा लाऊडस्पीकर, दारावरचा भाजीवाला, या सगळ्यात त्याला चार तासांची झोप मिळाली तरी पुष्कळ. सलग सहा रात्री अशा गेल्यावर सातव्या दिवशी सुपरवायझरचा एक अपशब्द पुरतो. कुटुंबासाठी दोन ओळींचे माहितीपत्रक, रात्रपाळीच्या आठवड्यात ओटी न लावण्याचा नियम आणि पाळी बदलताना मध्ये पूर्ण एक दिवस सुटी, एवढ्या गोष्टी केल्या तरी फरक पडतो, असा माझा अनुभव आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवण्यास मान्यता दिली आहे. बारा तासांचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी त्यात गोंदे, वाडीवऱ्हे किंवा सिन्नरपर्यंतचा येण्याजाण्याचा वेळ मिळवून माणसाच्या वाट्याला झोपेचे किती तास उरतात, हे कागदावर मांडून मगच सही करावी.

दुसरी गोष्ट ठेक्यावरच्या कामगारांची. आज औद्योगिक वसाहतीत नव्याने लागणारा बहुतेक तरुण ठेकेदाराकडे किंवा ट्रेनी म्हणून लागतो. काही महिन्यांनी त्याला 'ब्रेक', म्हणजे नोकरीत सक्तीचा खंड, मिळतो. ब्रेकनंतर परत घेतील की नाही, हे सांगणारे कोणी नसते. पंचविशीतला मुलगा, लग्नाचे बघत असलेले आईवडील, पेठ, सुरगाणा किंवा कळवणकडच्या गावात त्याच्या नोकरीवर काढलेले कर्ज आणि ब्रेकची तारीख. या मुलांना कोणत्याही व्याख्यानाला बोलावले जात नाही, कारण ते कंपनीचे नसतात, ठेकेदाराचे असतात. ठेकेदाराकडे कल्याण अधिकारी नसतो. मनःस्वास्थ्याचा कोणताही उपक्रम करताना गेटच्या आत काम करणारा प्रत्येक जण त्यात धरावा आणि ब्रेकची तारीख किमान एक महिना आधी लेखी सांगावी, एवढे तरी मुख्य कंपनीने ठेकेदाराकडून करून घ्यावे.

कार्यालयांत, बँकांत, शाळांत आणि रुग्णालयांतही हे दुखणे कमी नाही. तिथे मशीन नसते पण मोबाईल असतो. रात्री साडेदहाला कार्यालयाच्या ग्रुपवर आलेला 'उद्या सकाळी माहिती हवी' हा निरोप झोप मोडायला पुरेसा असतो. कार्यालयीन वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क कर्मचाऱ्याला मिळावा, यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. ते कायदा झाले नाही. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. कायद्याची वाट न पाहता एखाद्या संस्थेने रात्री आठ ते सकाळी आठ ग्रुप बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, तर तिला कोणी अडवलेले नाही.

आणि एक विषय खास नाशिकचा. २०२७ च्या सिंहस्थासाठी महापालिका, पोलीस, एसटी, आरोग्य आणि महसूल या खात्यांतील कर्मचारी आताच ताणाखाली आहेत आणि पर्वण्यांच्या महिन्यांत त्यांच्या रजा रद्द होणार हे उघड आहे. घाटांचे, रस्त्यांचे, पाण्याचे आराखडे होत आहेत. सलग किती दिवस एका माणसाची ड्यूटी लावायची, त्याने कुठे झोपायचे, पर्वणीनंतर त्याला किती दिवस विश्रांती द्यायची, याचाही लेखी आराखडा त्या कागदांत असावा.

संपादक महोदय, कामगारांना आपले हक्क माहीत नाहीत, ही यातली सर्वांत वाईट वाटणारी गोष्ट आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ज्यांचा मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांच्या पगारातून ०.७५ टक्के वर्गणी कापली जाते, ते 'कर्मचारी राज्य विमा योजने'चे (ईएसआय) सदस्य असतात. मालक त्यांच्यासाठी आणखी ३.२५ टक्के भरतो. आजारपणात त्यांना वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण दीर्घ आजारांची ३४ रोगांची जी यादी आहे, तिच्यात स्किझोफ्रेनिया, गंभीर स्वरूपाचे नैराश्य आणि उन्माद-अवसाद हे मनोविकारही आहेत, आणि दोन वर्षांच्या सलग नोकरीसह वर्गणीच्या अटी पूर्ण करणाऱ्याला अशा आजारात पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, हे मी ज्या ज्या कामगाराला सांगितले त्याच्यासाठी ते नवे होते. मनाचा आजार म्हणजे बिनपगारी रजा आणि शेवटी राजीनामा, असेच तो धरून चाललेला असतो. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयाच्या दर्शनी भागात ही माहिती मोठ्या मराठी अक्षरांत लागली, तरी कितीतरी राजीनामे थांबतील.

ज्यांचा पगार त्या मर्यादेच्या वर आहे त्यांना कंपनीचा गट आरोग्यविमा असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच निकषाने संरक्षण द्यायचे आहे. पॉलिसीचे नूतनीकरण करताना एचआर विभागाने हा एक प्रश्न विमा दलालाला विचारावा. त्याच कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखली आहे, म्हणजे 'याला कसली औषधे चालू आहेत' हे डॉक्टरकडून काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही व्यवस्थापकाला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि मानसिक आजार असलेल्या एका केंद्रीय दलातील कर्मचाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ च्या निकालात म्हटले आहे. माझ्या कपाटातल्या त्या फाइलच्या वेळी हे काही नव्हते. आज आहे, पण गेटच्या आत पोचलेले नाही.

तातडीने बोलायचे असेल त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. तो विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. हा क्रमांक नोटीस बोर्डावर लावतात, जिथे उभे राहून तो मोबाईलमध्ये टिपून घेणारा माणूस साऱ्या शॉपला दिसतो. तो पगाराच्या स्लिपवर छापावा. स्लिप प्रत्येकाच्या घरी जाते, आणि माझ्या अनुभवात मदत मागायला पहिले पाऊल पुष्कळदा पत्नी किंवा आई उचलते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अंबड आणि सातपूरमधली बहुसंख्य युनिटे लहान आहेत. वीस, चाळीस, फार तर ऐंशी माणसे. २५० ची अट त्यांना कधीच लागू होणार नाही आणि स्वतंत्र अधिकारी नेमणे त्यांना परवडणारही नाही. यासाठी माझी सूचना अशी, की निमा आणि आयमा या उद्योजकांच्या दोन्ही संघटनांनी मिळून औद्योगिक वसाहतीसाठी सामाईक समुपदेशक नेमावेत. सांडपाणी, अग्निशमन, रस्ते हे प्रश्न उद्योजक एकत्र येऊन मांडतात, तसाच हा एक. समुपदेशकाचा पगार कोणत्याही एका कंपनीकडून जाऊ नये, त्याची खोली कोणत्याही कंपनीच्या आत नसावी आणि कोण आले होते हे त्याने कोणत्याही मालकाला सांगू नये. वर्षाच्या शेवटी त्याने नावे वगळून फक्त एवढेच सांगावे, की लोक कशाबद्दल बोलायला येतात. पाळ्यांबद्दल, ब्रेकबद्दल, अमुक प्रकारच्या वागणुकीबद्दल की घरच्या कर्जाबद्दल. त्या एका कागदावरून व्यवस्थापनाला जे कळेल ते दहा सर्वेक्षणांतून कळणार नाही.

जागेचा प्रश्नही मोठा नाही. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची वर्गणी कापली जाते आणि त्यावर चालणाऱ्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रे आपल्याकडे आहेत. मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी अनेक कामगारांना रंगभूमीवर उभे केले, हे मी पाहिले आहे. आमच्या कारखान्यातले दोघे जण तालमीच्या निमित्ताने दारूतून बाहेर आले. त्याच केंद्रात आठवड्यातून तीन संध्याकाळी एक खोली समुपदेशकाला मिळाली, तर शिलाईच्या वर्गाला किंवा वाचनालयात आलो आहे असे सांगून माणूस तिथे जाऊ शकेल. सुरुवातीची काही वर्षे ही आडवाट लागेल, ती ठेवावी.

मोठ्या कारखान्यांना वेगळी सूचना. आपल्या कल्याण अधिकाऱ्याकडून मेमो, चार्जशीट आणि चौकशीचे काम आजच काढून घ्यावे आणि तसे लेखी पत्रक मराठीत प्रत्येक शॉपमध्ये वाचून दाखवावे. सवयीच्या गैरहजेरीची चार्जशीट देण्यापूर्वी कल्याण अधिकाऱ्याने त्या कामगाराशी, आणि त्याची संमती असेल तर घरच्यांशी, एकदा बोलणे बंधनकारक करावे. अधिकाऱ्याने चार्जशीटच्या फाइलवर फक्त 'बोललो' एवढे लिहावे, काय बोललो ते लिहू नये. ही एक ओळ स्थायी आदेशांच्या अंमलबजावणीत कुठेही अडथळा आणत नाही. खरा कामचुकार असेल तर कारवाई आठवडाभर उशिरा होईल, एवढेच. कामगार संघटनांनीही पगारवाढीच्या करारात ही अट घालून घ्यावी. करार करताना हजार रुपयांवर रात्र रात्र बैठका चालतात. या अटीला पैसे लागत नाहीत.

सुपरवायझरच्या प्रशिक्षणाबद्दल फक्त दोन वाक्ये. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या त्यांत व्यवस्थापक आणि पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे, आणि ते प्रशिक्षण रोगनिदान शिकवण्यासाठी नसून बदल ओळखायला आणि नीट बोलायला शिकवण्यासाठी आहे. चांगल्या कामगाराचे काम बिघडू लागले की 'काय रे, झोपा काढतोस का' ऐवजी 'बरं नाही का? दहा मिनिटं बस, चहा घे' एवढे ज्याला म्हणता येते, त्याच्या सेक्शनमध्ये खाडे कमी असतात, हे मी हजेरीपत्रकावरून सांगू शकतो.

आपल्या दैनिकाने या विषयावर निमा, आयमा, कामगार उपायुक्त, विमा रुग्णालय आणि कामगार संघटना यांना एकत्र बसवावे, अशी माझी विनंती आहे. नाशिकमध्ये माझ्यासारखे निवृत्त कार्मिक आणि कल्याण अधिकारी पुष्कळ आहेत. सामाईक समुपदेशक नेमला जाईपर्यंत कामगार कल्याण केंद्रात आठवड्यातून दोन संध्याकाळी विनामोबदला बसण्याची, विम्याचे अर्ज भरून देण्याची आणि गरज असेल त्याच्याबरोबर डॉक्टरांपर्यंत जाण्याची माझी तयारी आहे आणि आणखी चार सहकाऱ्यांनीही तसा शब्द दिला आहे. माझा पत्ता आणि दूरध्वनी आपल्या कार्यालयात नोंदवून ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त कामगार कल्याण अधिकारी
सातपूर, नाशिक